नागपूर दाबून दूरचं ऐकायचं: सेट फिरवावा, लूप बांधावा, ट्रॅप लावावा की नवा रेडिओ घ्यावा?

विदर्भात मीडियम वेव्हवर दूरची केंद्रं शोधणाऱ्याची पहिली गाठ पडते ती आकाशवाणी नागपूरशी. ५८५ किलोहर्ट्झ, ३०० किलोवॅट. काटोल, सेलू, उमरेडच्या पट्ट्यात साध्या सेटवर हे केंद्र स्वतःची जागा सोडून आजूबाजूलाही पसरतं. मग ५५८ वरची मुंबई किंवा ६१२ वरचं बंगळुरू त्याच्याखाली दबून जातं. उपाय चार आहेत. त्यातला कोणता घ्यायचा, हे तुमचं गाव नागपूरच्या कोणत्या दिशेला आहे आणि हवं ते केंद्र ५८५ च्या किती जवळ आहे, यावर ठरतं.

फुकटचा उपाय आधी. सेटच्या आत आडवा फेराइट रॉड असतो, म्हणजे मीडियम वेव्हचा आतला अँटेना. त्याचं टोक ज्या दिशेला, तिकडचं केंद्र सगळ्यात क्षीण. भर दुपारी ५८५ लावा, सेट पाटावर ठेवा आणि हळूहळू वळवा. एका जागी आवाज एकदम बसतो. बोटभर पुढे गेलात की परत उसळतो. तिथे खडूने खूण करा. रात्री ही जागा थोडी सरकते, कारण जमिनीलगत येणाऱ्या लहरींत आकाशातून परतलेल्या लहरी मिसळतात.

पण रॉडला टोकं दोन, म्हणून दाबल्या जाणाऱ्या दिशाही दोन. अमरावतीहून नागपूर पूर्वेला आणि मुंबई पश्चिमेला, जवळजवळ एका रेषेत. नागपूर दाबलं की मुंबईही गेलीच. तिथल्यांनी मुंबईचा हट्ट सोडून ७२० वरचं चेन्नई लावून बघावं. चंद्रपूरकर खरे भाग्यवान: नागपूर उत्तरेला, मुंबई पश्चिमेला, चक्क काटकोन!

एवढ्याने भागलं नाही तर लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा अँटेना, बांधा, माझं मत ठामपणे यालाच. दोन फुटी लाकडी चौकट, तांब्याच्या इनॅमल तारेचे बाराएक वेढे आणि जुन्या रेडिओतला गँग, म्हणजे केंद्र लावायचा फिरता कंडेन्सर. गँग फिरवून हव्या त्या केंद्रावर आणला की ते उठून येतं आणि बाकीची मागे पडतात. लूप मात्र रॉडच्या उलट वागतो: चौकटीचा सपाट चेहरा ज्या दिशेला, तिकडचं केंद्र दबतं. म्हणून रेडिओचा रॉड चौकटीला काटकोनात ठेवा आणि दोन्ही एकाच पाटावर एकत्र फिरवा. रेडिओ नुसता जवळ ठेवायचा, वायर जोडायची गरज नाही.

धुऱ्यावरून लांब तार ओढण्याचा मोह वावर असलेल्या प्रत्येकाला होतो. नागपूरजवळ तो टाळावा. तार सगळंच आत ओढते, नागपूर सगळ्यात जास्त, आणि सेट गुदमरतो. तार आधीच बांधलेली असेल तर मात्र ट्रॅप, म्हणजे एकच केंद्र अडवणारी जोडणी, हवाच: कॉइल आणि कंडेन्सर समांतर जोडून तारेच्या वाटेत बसवायचे, ५८५ वर जुळवायचे. खर्च किरकोळ. पण त्याच्यासोबत शेजारच्या ५७६ आणि ५९४ लाही थोडी कात्री लागते.

नेमक्या याच शेजाऱ्यांसाठी, म्हणजे ५७६ वरच्या केरळातल्या अलप्पुळासाठी किंवा ५९४ वरच्या पश्चिम बंगालमधल्या चिन्सुराहसाठी, डीएसपी रेडिओ (आतल्या चिपवर डिजिटल पद्धतीने केंद्र गाळणारा) कामाचा. टेकसन पीएल-३१०ईटीसारख्या सेटमध्ये फिल्टरची बँडविड्थ, म्हणजे आत येऊ दिलेल्या पट्ट्याची रुंदी, ६ पासून १ किलोहर्ट्झपर्यंत आवळता येते. २ वर आवाज बोदा होतो, पण शब्द कळतात. मुंबई-बंगळुरूच ऐकायचं असेल तर हे पैसे सध्या राहू द्या. ती तीन-तीन चॅनल (एक चॅनल ९ किलोहर्ट्झचं) लांब आहेत, लूपने काम होतं. आणि ५८५ वरच दुसरं केंद्र हवं असेल तर फिल्टर आणि ट्रॅप दोन्ही निरुपयोगी, तिथे फक्त दिशाच कामी येते.

काहीही विकत घेण्याआधी रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन एकदा बंद करून ऐका. दर सेकंदाला येणारी टक-टक त्याने थांबली तर तो दोष नागपूरचा नव्हे, आणि वरच्यापैकी फक्त फिरवणं आणि लूप त्यावर थोडे चालतात.