'लागणे' आणि मोल्सवर्थचा कोश

कोशाची पारख करायची तर अनोळखी, अवघड शब्द घेऊ नये, दिवसातून पन्नासदा तोंडी येणारा घ्यावा, असे मला वाटते. म्हणून मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात मी 'लागणे' पाहिले. १८३१ साली प्रथम निघालेल्या आणि १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्दांपर्यंत वाढलेल्या या कोशाचा मजकूर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. क्रियापदे तेथे जुन्या वळणाने, 'लागणें' अशी अनुस्वारासह दिलेली आहेत, हे शोधताना ध्यानात ठेवावे.

अर्थ इंग्रजीत आहेत, ही मराठी वाचकाला उणीव वाटेल. मला मात्र तोच या कोशाचा मोठा उपयोग वाटला. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, आमटी खारट लागते, दूध तळाला लागते आणि अमका माझा मामा लागतो, या सर्वांना आपण एकच क्रियापद इतक्या सहजतेने वापरतो की, प्रत्येकासाठी परभाषेत वेगळा शब्द शोधावा लागेपर्यंत त्यातील अंतर जाणवतच नाही. 'तो जाऊ लागला' यात आरंभ आहे आणि 'त्याला जावे लागले' यात सक्ती. धातूच्या रूपातील एवढ्याशा फरकाने कर्त्याची इच्छाच काढून घेतली जाते. मूळ संस्कृत धातू 'लग्', म्हणजे चिकटणे. 'लग्न' हा शब्दही त्याचाच, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

नोंदींची मांडणी मात्र दाट आहे. अर्थ, उदाहरणे आणि वाक्प्रचार एकाच परिच्छेदात सलग येत असल्यामुळे मोबाइलवर वाचताना डोळे शिणतात. शिवाय कोशाचे वय विसरून चालत नाही: 'फोन लागला', 'थिएटरात सिनेमा लागला' हे प्रयोग त्यात असणे शक्यच नाही. त्यासाठी १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश त्याच संकेतस्थळावर आहे. पण त्यालाही आता बराच काळ लोटला. एसटी स्थानकावर 'गाडी लागली' म्हटले की माणसे पिशव्या उचलून फलाटाकडे धावतात आणि घाटात तेच म्हटले की शेजारचा प्रवासी घाईने खिडकी उघडतो. हा भेद ज्याला जाणून घ्यायचा आहे, त्याने कोश मिटून एकदा महाबळेश्वरची गाडी धरावी.