जलतरण प्रशिक्षण केंद्राचा कनिष्ठ स्पर्धक गट : एका पालकाचा अभिप्राय

माझी तेरा वर्षांची मुलगी या केंद्राच्या कनिष्ठ स्पर्धक गटात सराव करते. तलावाची स्वच्छता, कपडे बदलण्याच्या खोल्या, जीवरक्षकांची उपस्थिती या बाबी चोख आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी खरी चौकशी करायला हवी ती निराळ्याच गोष्टीची : थकलो आहे, असे मुलाला इथे सांगता येते का, आणि सांगितल्यावर पुढे काय होते?

इथे ते सांगता येते. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक मूल आदल्या रात्रीची झोप आणि अंगदुखी आपल्या वहीत नोंदवते आणि सराव संपल्यावर तो किती जड गेला, याला शून्य ते दहापैकी गुण देते. मात्र नुसत्या नोंदी ठेवून काही साधत नाही. त्या वाचून त्याच दिवशी सरावात बदल करणारे प्रशिक्षक मोलाचे. परीक्षेच्या आठवड्यात मुलीच्या वहीत सलग अपुरी झोप दिसली, तेव्हा प्रशिक्षकांनी तिचे बटरफ्लाय या दमवणाऱ्या पोहण्याच्या प्रकाराचे सगळे लॅप काढून टाकले आणि किकबोर्ड (तरंगती फळी) धरून सावकाश पाय मारायला सांगितले. हे त्यांनी शिट्टी वाजवून सर्वांसमोर सांगितले नाही, तर लेनच्या टोकाशी बसून फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. या वयात शरीर झपाट्याने बदलते आणि काही काळ टायमिंग सुधारत नाही, हेही ते मुलांना आधीच समजावून ठेवतात.

याला मी इतके महत्त्व देते त्याचे कारण असे की, बर्नआउट म्हणजे केवळ दमणूक नव्हे. थॉमस रेडिके आणि अ‍ॅलन स्मिथ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली खेळाडूंसाठीची प्रश्नावली त्याची तीन अंगे मोजते : शारीरिक व भावनिक थकवा, आपल्या हातून काही होत नाही ही भावना, आणि खेळाविषयीची आस्थाच उरत नाही ती अवस्था. पहिले अंग विश्रांतीनंतर ओसरू शकते. तिसरे मात्र पालकांना बहुधा आळस वाटते. रात्रीच स्वतःची पिशवी भरून ठेवणारे मूल सकाळी गॉगल सापडत नाही म्हणून रेंगाळू लागले, तर त्याच्यावर ओरडण्याआधी थोडे थांबून त्याच्याशी बोलावे, असे मला मनापासून वाटते.

आता उणिवा. प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर दर आठवड्याला सर्वांचे टायमिंग क्रमवारीने लावले जाते. प्रशिक्षक मुलाची तुलना त्याच्याच मागच्या कामगिरीशी करतात आणि फलक ती इतरांशी करतो. वहीमुळे जो मोकळेपणा येतो, तो या फलकामुळे बराचसा जातो, कारण खाली घसरण्याच्या भीतीने काही मुले थकवा कमी लिहू लागतात. हा फलक काढावा, असे मी व्यवस्थापनाला स्पष्ट सांगितले आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्याला एक ते दोन दिवस सुटी आणि वर्षभरात, एकेका महिन्याच्या टप्प्यांनी, एकूण किमान तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून विश्रांती सुचवते. साप्ताहिक सुटी हे केंद्र कसोशीने पाळते. परंतु महिनाभराची रजा घेतल्यास लेनमधील जागा दुसऱ्याला दिली जाते, त्यामुळे रजेचा हक्क कागदावरच राहतो आणि पालकही ती मागायला कचरतात.

केवळ प्रशिक्षकांमुळे आम्ही प्रवेश कायम ठेवला आहे आणि पोहण्याची आवड असलेल्या मुलांसाठी हा गट मी सुचवेन. मात्र शुल्क भरण्यापूर्वी रजेनंतर जागा परत मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे. याबाबत आम्ही दिलेल्या अर्जावर व्यवस्थापनाचे उत्तर अद्याप आलेले नाही.