डिझेल पिकअप: कडाक्याच्या थंडीतले पाच महिने

पाच महिने झाले, ही पिकअप मी रोज पहाटे उघड्यावरून काढतोय. पारा कित्येकदा उणे १५ च्याही खाली गेलेला असतो. गाडी दणकट आहे. माल भरला की पाट्यांवर छान बसते, चढावर दम सोडत नाही. पण थंडी सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात मी न बिघडलेली बॅटरी बदलून बसलो. तुमचा तो खर्च वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

झालं असं की सेल्फ मारला की इंजिन जड, रेंगाळत फिरायचं. थंडीत बॅटरीची ताकद घटते हे खरंच आहे. शून्य अंशाला साधारण एक तृतीयांश जाते आणि उणे १८ ला जवळपास निम्मी. त्यात तेल घट्ट झालेलं, म्हणजे सेल्फवर ओझंही जास्त. म्हणून मी सरळ नवी बॅटरी टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच रडगाणं.

मग मीटर काढला. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ मारतानाही १०.८ च्या खाली येईना. बॅटरी एवढी टिकतेय आणि तरी सेल्फ मंद, म्हणजे वीज वाटेत कुठेतरी अडतेय. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवली आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर १.४ व्होल्ट! तिथे फार तर अर्धा व्होल्ट दिसायला हवा. अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी जाड विणलेली तार, खोलली तर बोल्टखाली हिरवट-पांढरी पूड साचलेली आणि निम्म्या तारा तुटलेल्या. पट्टी नवी घातली, बसायची जागा तारेच्या ब्रशने चकचकीत केली, वरून ग्रीस लावलं. तेव्हापासून सेल्फ एका दमात फिरतो. माझी या गाडीबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे: ही पट्टी इतकी खाली आहे की पुढच्या चाकाने उडवलेला चिखल आणि मीठ थेट तिच्यावर बसतं.

तेव्हा आधी कान द्या. सेल्फ मंद फिरत असेल तर बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, तेल. आमच्या इंजिनच्या पुस्तिकेत थंडीसाठी ५डब्ल्यू-३० तेल दिलंय, मी थंडीत जास्त घट्ट होणारं १५डब्ल्यू-४० वापरत होतो. ते बदलल्यावर लगेच फरक जाणवला.

सेल्फ जोमात फिरतोय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, पण इंजिन पेटत नाही? मग हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन पेटावं म्हणून आतली हवा तापवणारे प्लग, पाहा. वायर काढून प्लगच्या टोकापासून इंजिनपर्यंत ओहम मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. माझे चारपैकी दोन गेले होते. ते खोलायचे असतील तर इंजिन गरम असताना, हळूहळू. थंड इंजिनात जोर लावला तर प्लग आतच तुटतो.

गाडी चालू झाली, पाच-दहा मिनिटं चालली आणि मग ओढ मरून बंद पडली, तर डिझेल गोठतंय. डिझेलमधलं मेण थंडीत सुटं होतं आणि फिल्टरवर थापलं जातं. मी फिल्टर काढला तेव्हा कागदावर दुधाळ, मेणबत्तीसारखा थर होता. थंडीचं डिझेल भरा. अँटिजेल (डिझेल गोठू नये म्हणून त्यात मिसळायचं रसायन) टाकायचं तर डिझेल पातळ असतानाच टाका, मेण धरल्यावर ते विरघळवत नाही. रॉकेल मिसळायचा जुना सल्ला मात्र कॉमन रेल इंजिनात, म्हणजे खूप जास्त दाबाने डिझेल सोडणाऱ्या नव्या धर्तीच्या इंजिनात, ऐकू नका. त्याच्या डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. फिल्टरच्या तळाचं पाणीही सोडत जा, नाहीतर तिथेच बर्फ होतो.

केबिनचा हीटर तासभर कोमटच राहायचा, इंजिनच्या तापमानाचा काटा पाव भागाच्या वर चढायचा नाही, डिझेलही जास्त जायचं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकला होता. खूण सोपी आहे: इंजिन चालू करताच रेडिएटरचा वरचा पाइप लगेच कोमट व्हायला लागला तर समजा. तो बदलताना कूलंट निम्मं पाणी, निम्मं अँटिफ्रीझ असं भरलं. ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही.

टायरची हवा दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय उतरते, म्हणून टायर थंड असतानाच तपासा. हौदा रिकामा असला की मागची चाकं बर्फावर नुसती गरगरतात. मी मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर वाळूची पोती ठेवतो, दोरीने घट्ट आवळून. सुटी पोती ब्रेक मारल्यावर केबिनवर येऊन आदळतात.

आणि ओल्या रस्त्यावरून आल्यावर रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. माझा दोनदा गोठला. आता सपाट जागा बघतो, गिअरमध्ये टाकतो आणि चाकाखाली लाकडी ठोकळे लावतो.