परदेशी शिबिर एमएस करतानाच, की एमएस झाल्यावर?

दर वर्षी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून, एमएस म्हणजे सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एखाद्या तरी निवासी डॉक्टरचा फोन येतो. "सर, आफ्रिकेत सेवेला जायचंय. आत्ता जाऊ की एमएस झाल्यावर?" मी दोन्ही करून पाहिलं आहे, म्हणून मत आधीच सांगतो: नंतर जा, आणि गेलात की महिनोन्‌महिने राहा.

आधी वेळेचं गणित. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे पीजीला, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याला, वर्षाला २० दिवसांची पगारी रजा मिळते. त्यातून प्रवास वजा केला की हातात जेमतेम दोन आठवडे उरतात. शिवाय त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्यावी लागते.

दुसऱ्या वर्षाला असताना मी असाच दोन आठवड्यांसाठी गेलो होतो. हर्निया, हायड्रोसील, भराभर केसेस. केलेल्या केसेसची नोंद ठेवायच्या लॉगबुकात पान भरलं. परतल्यावर तीन आठवड्यांनी तिथल्या नर्सचा ई-मेल आला: मी टाके घातलेल्या एका गवंड्याच्या जखमेत पू झाला, ती पुन्हा उघडावी लागली. उघडली दुसऱ्याच कुणीतरी. कॉटरी (रक्तस्राव थांबवायला विजेने दिलेला चटका) जास्त झाली होती की आत रक्त साठलं होतं, ते मला कधीच कळलं नाही. आपलं काम कसं झालंय ते पाचव्या दिवशी ड्रेसिंग सोडताना कळतं, आणि छोट्या शिबिरात तेव्हा आपण विमानात असतो. रुग्णाला मात्र वाटत असतं, लांबून मोठा डॉक्टर आलाय. जी केस तुमचे सर तुम्हाला इथे एकट्याने करू देणार नाहीत, ती तिथे एकट्याने करू नका. हे मला तेव्हा कुणी बजावायला हवं होतं.

एमएसनंतर टांझानियातल्या एका मिशन रुग्णालयात सात महिने राहिलो, ती गोष्टच वेगळी. सीटी नव्हता, एक्स-रे आणि पोटावर ठेवलेला आपला हात, एवढ्यावर निर्णय. भूलतज्ज्ञ नव्हता, प्रशिक्षण घेतलेली एक नर्स स्पायनल (पाठीत इंजेक्शन देऊन केलेली भूल) आणि केटामिन या भुलीच्या औषधावर सगळं सांभाळायची. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या २०१५ च्या आयोगाने रुग्णालयाची कसोटी म्हणून तीन शस्त्रक्रिया धरल्या: सिझेरियन, पोट उघडणं आणि उघड्या फ्रॅक्चरवरचा उपचार. आपल्याकडे त्या तीन विभागांत वाटलेल्या असतात. तिथे तिन्ही एकाच रात्री माझ्याच वाट्याला आल्या.

एका सकाळी हर्नियाच्या केसला जाळी (कमकुवत जागेला आधार म्हणून आत शिवतात ती) मागितली, तर सिस्टरने डब्यातून पांढरा चौकोनी तुकडा काढला, कोपरे कात्रीने गोल केलेले. मच्छरदाणीचं कापड, ऑटोक्लेव्ह केलेलं! ही वाट धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी दाखवली. पुढे पूर्व युगांडात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर ही जाळी कंपनीच्या महागड्या जाळीच्या तोडीची ठरली. एमएसच्या तीन वर्षांत मी याबद्दल चकार शब्द ऐकला नव्हता. खानदेशातलं शहाणपण मला टांझानियात मिळालं, याची रुखरुख अजून आहे.

म्हणूनच घरच्या संधीला कमी लेखू नका. पीजीला जिल्हा रुग्णालयात तीन महिने सक्तीचे असतात. गोव्यात जिल्हा रुग्णालयं दोनच, म्हापशाचं आणि मडगावचं. बरेच जण हे महिने थिसिस लिहिण्यात काढतात. तिथे आपली भाषा चालते, चुकलं तर वरिष्ठ हाकेवर असतात, आणि पाचव्या दिवशी रुग्ण समोरच असतो. साधनं तुटपुंजी असताना निर्णय घ्यायला मात्र तिथे तितकंसं शिकायला मिळत नाही, कारण गुंतागुंतीची केस १०८ ने बांबोळीला जाते. ते शिकायला महाराष्ट्राच्या दुर्गम आदिवासी भागातली हेमलकसा, गडचिरोलीकडची शस्त्रक्रिया शिबिरं आहेत. पासपोर्टही लागत नाही.

तरीही आत्ताच परदेशी जायचं असेल, तर एकाच अटीवर: तुमचे शिक्षक टेबलाच्या पलीकडे उभे असतील, आणि तुम्ही परतल्यावर रुग्ण कोण बघणार ते नावानिशी ठरलेलं असेल.

नंतर जाणाऱ्यांनी तयारी मात्र आत्ताच सुरू करावी. एमएसएफसारख्या (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) आंतरराष्ट्रीय सेवा संस्था शिक्षण पूर्ण झालेलाच सर्जन मागतात, आणि त्याला सिझेरियन येणं फार उपयोगाचं ठरतं. आपल्याच प्रसूती विभागाच्या प्रमुखांना भेटा, परवानगी घ्या, आणि सुट्टीच्या रात्री तिथे असिस्टला उभे राहा.