लॅपटॉपची स्क्रीन घरीच बदलली: पॅनेल चांगलं, स्क्रूड्रायव्हर सेट निम्माच कामाचा

वसमतला माझं छोटं सेवा केंद्र आहे. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, एक थंब मशीन आणि बसायला दोन बाकडी. जुलैत पीकविम्याची गर्दी असते. सातबारा, आठ-अ, पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र घेऊन माणसं सकाळी आठपासूनच ओट्यावर येऊन बसतात. ३१ जुलै ही शेवटची तारीख होती. त्याच्या दोन आठवडे आधी, १७ जुलैला रात्री आवरताना कीबोर्डवर पेन राहिला आणि मी झाकण दाबलं. सकाळी उघडलं तर डाव्या कोपऱ्यातून जाळं पसरलेलं, मधे शाई सांडल्यागत काळा डाग आणि उरलेल्या जागेत उभ्या रेघा.

मी लिहितेय ते दोन वस्तूंबद्दल. एक ३,१५० रुपयांचं १५.६ इंची पॅनेल, म्हणजे चित्र दिसतं तो स्क्रीनचा भाग, दुसरा ३४९ रुपयांचा स्क्रूड्रायव्हर सेट. दोन्ही ऑनलाइन मागवले. आता दिवाळी होऊन गेली. चार महिने रोज आठ-दहा तास वापरून झालंय, म्हणून आता बोलायला हरकत नाही.

दुकानात विचारलं तर ६,५०० रुपये आणि आठ दिवस सांगितले. पैशाचं एक वेळ जमवलं असतं, पण आठ दिवस लॅपटॉप नाही म्हणजे ओट्यावरच्या माणसांना काय सांगायचं? नांदेडला माझा मामेभाऊ मोबाईल दुरुस्तीचं काम करतो, त्याला फोन लावला. त्यानं सगळ्यात आधी विचारलं, "ताई, टीव्हीला जोडून बघितलीस का?" एचडीएमआयची वायर घरात होतीच. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं. म्हणजे आतलं सगळं शाबूत, फक्त पॅनेल गेलेलं. ही तपासणी फुकटात होते आणि पॅनेलवर एक रुपया घालायच्या आधी करायलाच पाहिजे. टीव्हीवर सुद्धा रेघा आल्या, तर दोष मदरबोर्डकडं, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटकडं असतो आणि नवं पॅनेल बसवून काही होत नाही. स्क्रीन फुटलेली नाही, पण झाकण हलवलं की चित्र जातं-येतं, असं असेल तर बहुतेक वेळा बिजागरीतून जाणारी वायर खराब असते. ती पॅनेलपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. स्क्रीन काळीच दिसत असेल तर अंधारात टॉर्च तिरपी मारून बघा. पुसट चित्र दिसलं तर चित्र तयार होतंय, मागचा उजेड तेवढा गेलाय.

पुढचे आठ दिवस घरचा टीव्ही केंद्रात होता. सासूबाईंनी एका शब्दानं विचारलं नाही, हे मला इथं लिहायचंच होतं.

आता पहिला फटका. मी लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव टाकून पॅनेल मागवलं. चौथ्या दिवशी आलं, ते ४० पिनचं, म्हणजे वायर जोडायच्या जागी ४० बारीक टोकं असलेलं. माझ्या लॅपटॉपला ३० पिनचं लागतं. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपात कंपनी वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेलं टाकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पॅनेल त्याच्या स्वतःच्या नंबरावर मागवायचं असतं, आणि तो नंबर पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो. म्हणजे आधी उघडायचं, नंबर वाचायचा, मग ऑर्डर टाकायची. नंबर कसा वाचायचा तेही सांगते. माझा 'एनटी१५६' नं सुरू होतो. दुसऱ्या कंपन्यांचे एलपी१५६, बी१५६, एन१५६ असे असतात. त्यातलं १५६ म्हणजे १५.६ इंच. पण तेवढ्यावर थांबू नका, पुढची अक्षरं आणि शेवटचे आकडे सुद्धा जुळले पाहिजेत. पिना किती, स्क्रू लावायचे कान वर-खाली आहेत की नाहीत, वायरीचं सॉकेट कोणत्या बाजूला आहे, हे विकणाऱ्याच्या फोटोशी ताडून बघा. स्टिकरचा मोबाईलवर फोटोच काढून ठेवा. १३६६ बाय ७६८ ठिपक्यांच्या पॅनेलच्या जागी जास्त ठिपक्यांचं फुल एचडी पॅनेल घालायचा मोह होतो, पण कधी कधी आतली वायर तेवढं चित्र वाहून नेत नाही आणि वायरही बदलावी लागते. मी त्या फंदात पडले नाही.

पहिलं पॅनेल परत गेलं, कारण त्याच्यावरची पातळ फिल्म मी काढली नव्हती. फिल्म निघाली की परत घेत नाहीत, असं पावतीवरच लिहिलेलं होतं. तेव्हा फिल्म ठेवूनच लावून बघायचं, आणि खोका फोडताना व्हिडिओ काढायचा.

उघडायचं काम मी केंद्र बंद झाल्यावर रात्री केलं. खाली सुती सतरंजी, अंगावर सुती साडी. नायलॉनच्या साडीनं अंगात जी वीज साठते, ती बोटातून नाजूक भागात उतरली तर भाग जाऊ शकतो. पावसाळ्यात हवा ओली असते म्हणून बरं, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे काम करणार असाल तर मधूनमधून उघड्या लोखंडी नळाला हात लावत जा. मंगळसूत्र मी ब्लाउजच्या आत खोचलं, अंगठी काढली, बांगड्या वर सारून रुमालानं बांधल्या. पुरुषांनी गळ्यातली चेन आणि हातातलं कडं काढावं. उघड्या सर्किटवर धातू लोंबकळत नको.

मग बॅटरी. मामेभाऊ तीनदा म्हणाला, "ताई, बॅटरी काढल्याबिगर स्क्रीनला हात लावू नको बरं." कारण विचारलं तर त्यानं नीट सांगितलं. स्क्रीनच्या वायरीतून फक्त चित्र जात नाही, मागच्या उजेडासाठीचा वीजपुरवठाही जातो. कनेक्टर काढताना तो जरा तिरपा झाला, दोन पिना एकमेकींना टेकल्या, की मदरबोर्डवरचा बारका फ्यूज उडतो. मग नवं पॅनेल लावा की आणखी काही, उजेडच येत नाही. माझी बॅटरी आतली आहे. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, उलटा करून मागचे स्क्रू काढले, बॅटरीचं कनेक्टर वायर न ओढता प्लॅस्टिकच्या टोकानं हळूच सरकवलं आणि पॉवरचं बटन पंधरा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तिथंच थांबा आणि जाणकाराकडं न्या.

स्क्रू मी मसाल्याच्या रिकाम्या डब्यात ठेवले, एका वाटीत एका जागेचे. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतून टोचतो.

"काय करायलीस गं माय एवढ्या राती?" सासूबाई दारात येऊन म्हणाल्या. सांगितलं तर त्यांनी त्यांचा चष्मा काढून दिला, "डोळ्यात काच जाईल." माझा चष्मा माझ्या डोळ्यावर होताच, पण त्यांचं म्हणणं खरं. फुटलेली काच आत असली तरी कडेनं कुसळासारखे तुकडे सुटतात. तिच्यावर आधी रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावून घ्या.

आता सेटबद्दल. स्क्रीनभोवतीची चौकट उघडायला त्यात एक स्टीलची चपटी पट्टी आहे आणि तीन तिकोनी प्लॅस्टिकचे तुकडे आहेत. खोक्यावरच्या चित्रात स्टीलची पट्टी वापरलेली दिसते, म्हणून मीही तीच घेतली. बिजागरीजवळच्या कोपऱ्यात ती एकदम आत गेली आणि चौकटीला नखाएवढा टवका उडाला. अशा कामाला स्टील नकोच. प्लॅस्टिकचा तुकडा घेतल्यावर काम सरळ झालं. खालच्या दोन कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या असतात, त्या सुईनं उचलल्या की खाली स्क्रू निघतात. ते काढल्याशिवाय चौकट ओढू नका, फुटेल. मग आतल्या कडेतून तुकडा घालायचा आणि हळूहळू पुढं सरकवायचा. एकेक खाच सुटते तेव्हा वाळलेली तुरीची शेंग दोन बोटांत दाबल्यागत आवाज येतो. पहिल्या आवाजाला माझं काळीज धस्स झालं, पण तोच आवाज बरोबर असतो. न आवाज करता चौकट वाकायला लागली, तर कुठंतरी स्क्रू राहिलाय असं समजा. वरच्या बाजूला कॅमेरा असतो आणि कडेनं वायफायच्या अँटेनाच्या बारीक तारा जातात, म्हणून तुकडा चार-पाच मिलिमीटरच्या आत घालायचा नाही. जुनं एटीएम कार्डही चालतं.

सेटमधले बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची बदलायची टोकं, मात्र चांगले निघाले. मागच्या झाकणाला पीएच-० (फुलीच्या आकाराचं बारीक टोक), पॅनेलच्या चार कोपऱ्यांतल्या कणभर स्क्रूंना त्याहून बारीक पीएच-००. दोन्ही घट्ट बसतात, टोकं झिजली नाहीत, आणि टोकाला चुंबक असल्यानं स्क्रू खाली पडत नाही. रबराची चोषणी मोबाईलच्या कामाची, इथं तिचा उपयोग नाही. चिमटा फार टोकदार आहे, तो कनेक्टरजवळ नेऊच नये.

चार स्क्रू निघाले की पॅनेल सुटतं, पण उचलून बाजूला घेता येत नाही, कारण मागून वायर जोडलेली असते. कीबोर्डवर मऊ फडकं टाकून पॅनेल त्याच्यावर हळूच पालथं झोपवायचं. मग खालच्या कडेला ते सॉकेट दिसतं. बोटाच्या एका पेराएवढं रुंद, वर पारदर्शक चिकटपट्टी. पट्टी नखानं एका टोकाकडून सोलली, खाली केसासारखी बारीक तारेची कडी होती, ती उभी केली आणि कनेक्टर पॅनेलला समांतर खाली सरकवला. वर उचलायचा नाही, सरकवायचा. सगळ्या कामात हीच जागा सगळ्यात नाजूक. इथं मला पंधरा मिनिटं लागली आणि ती लागू द्यावीत. पिना सोन्याच्या ओळीसारख्या दिसतात, त्यांना बोट लावू नका.

२६ जुलैला बरोबर नंबराचं पॅनेल आलं. थर्माकोलच्या दोन फळ्यांत नीट बांधलेलं, कोपरे शाबूत. कनेक्टर सरळ रेषेत धरून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला, कडी आडवी केली, चिकटपट्टी परत चिकटवली. चौकट बसवायच्या आधी बॅटरी जोडून चालू केलं. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाचही रंग पूर्ण स्क्रीनभर करून बघितले. एकही मेलेला ठिपका नाही. मग बंद करून चार स्क्रू, चौकट, रबराच्या टिकल्या. फिल्म सगळ्यात शेवटी सोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला केंद्र उघडलं आणि ३१ तारखेपर्यंत ओट्यावरचं एकही माणूस अर्जाबिगर परत गेलं नाही.

पॅनेलमधला दोष सांगायचा तर समोरून छान दिसतं, पण खालून किंवा फार वरून बघितलं तर रंग फिके पडतात. जुनंही असंच होतं, या किमतीतली बरीचशी अशीच असतात. बाजूला बसलेल्या माणसाला आधारचा नंबर दाखवायचा तर लॅपटॉप वळवावा लागतो. फोटो-व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी जास्त पैसे घालून आयपीएस पॅनेलच (तिरपं बघितलं तरी ज्याचे रंग फारसे फिके पडत नाहीत ते) बघावं, आणि तेही आपल्या वायरीवर चालतं का विचारून. उजेड दुपारी दारातून ऊन आलं तरी पुरतो.

हे काम सगळ्याच लॅपटॉपवर करू नका. टचस्क्रीनची काच बऱ्याचदा पॅनेलला चिकटवलेली असते. काही पातळ लॅपटॉपात स्क्रूच नसतात, मागं ताणून काढायच्या चिकटपट्ट्या असतात. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारा. आणि २०१० च्या आधीचा जुना लॅपटॉप असेल तर त्याच्या स्क्रीनमागं बहुधा बारीक ट्यूब असते. तिला शेकडो व्होल्ट लागतात आणि तिच्यात पारा असतो. ती घरी उघडायची नाही.

फुटलेलं पॅनेल घंटागाडीत टाकलं नाही. नव्याच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवलंय. मामेभाऊ ई-कचरा घेणाऱ्याकडं देतो, तो आला की नेईल.

पॅनेलला पाचपैकी साडेचार, सेटला तीन. शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांच्या लॅपटॉपची स्क्रीन परवा गेली, तेव्हा सेट मागायला आले. दिला. स्टीलची पट्टी तेवढी काढून ठेवली आणि तिच्या जागी माझं जुनं एटीएम कार्ड घातलं.