लाकडी बोर्डाचं तेल औषधाच्या दुकानात मिळतं

चिपळूणला माझं डब्यांचं काम आहे. पहाटेपासून चिरणं सुरू होतं: कांदा, कोबी, दुधी, कोथिंबीर, हंगामात फणसाची कुयरी. नारळाला विळी आहेच, पण डब्याची भाजी मी सुरीनं आणि लाकडी बोर्डावर चिरते. एक बोर्ड सागवानाचा, एक फणसाच्या लाकडाचा, दोन्ही गावातल्या सुताराकडून चांगल्या जाड फळीचे करून घेतले आहेत. मासळीचा बोर्ड वेगळा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आषाढात ओलं राहिलेलं लाकूड बघता बघता बुरसतं. तेव्हा या बोर्डांना काय लावायचं, यावर मी बराच जीव लावला आहे. त्यात जे उत्तम ठरलं त्याबद्दल हे लिहिते आहे.

ते म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं साधं लिक्विड पॅराफिन. बाटलीवर ‘लिक्विड पॅराफिन आयपी’ असं लिहिलेलं असतं. बद्धकोष्ठावर पोटात घ्यायला देतात तेच हे, म्हणजे अन्नाला लागलं तरी धास्ती नाही. परदेशी स्वयंपाकघरांत बोर्डाला जे ‘मिनरल ऑइल’ लावतात, ते हेच. रंग नाही, वास नाही, चव नाही. घेताना एवढंच पाहायचं, की बाटलीत दुसरं काही मिसळलेलं नाही. पोट साफ होण्याच्या काही औषधांत हेच तेल मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि गोड वासासकट असतं, ते पांढरं दुधाळ दिसतं. ते बोर्डाला चालत नाही. आपल्याला पाण्यासारखं नितळ हवं.

खाण्याचं तेल का नको, हे मला डब्याच्या बायका नेहमी विचारतात. पोळपाटाला गोडेतेलाचा हात फिरवायची सवय घराघरांत आहे. शेंगदाण्याचं, तिळाचं, सूर्यफुलाचं, कुठलंही तेल लाकडात शिरतं, पण तिथे सुकत नाही. हवेशी संयोग होऊन ते हळूहळू खवट होतं, चिकट थर धरतं आणि मग त्या बोर्डावर चिरलेल्या पपईलाही तो वास लागतो. खोबरेल त्यातल्या त्यात टिकतं, पण खवट व्हायचं तेही टळत नाही. लिक्विड पॅराफिन खवट होतच नाही. बाटली वर्षभर फडताळात राहिली तरी पहिल्या दिवशीसारखीच असते.

जवसाचं तेल हा प्रकार वेगळा. ते लाकडात खरोखर सुकून कडक होतं, म्हणून तर क्रिकेटच्या बॅटला लावतात. पण पुरतं सुकायला कित्येक आठवडे लागतात आणि डबेवालीला बोर्ड तेवढे दिवस बाजूला ठेवणं परवडत नाही. शिवाय रंगाच्या दुकानात जे ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल मिळतं, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात. ते दरवाजाला लावा, बोर्डाला मुळीच नाही. आणि जवसाच्या तेलानं भिजलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून किंवा मोकळा पसरून सुकवूनच टाकायचा.

आता लावायची रीत. सुताराला आधीच सांगून ठेवावं लागतं, “काका, पॉलिश नको, वॉर्निश नको, कोरंच द्या.” नवा बोर्ड ओल्या फडक्यानं पुसला की लाकडाची कूस उभी राहते. तो वाळू द्यायचा, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं रेषांच्या दिशेनं हलकं घासायचं. हे एकदा केलं की नंतर धुताना बोर्ड खरखरीत होत नाही. मग तेल किंचित कोमट करून, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं सढळ हातानं चोळायचं. वरची बाजू, खालची बाजू, चारी कडा. खालची बाजू कोरडी सोडली तर दोन बाजूंनी लाकूड कमीजास्त ओल पितं आणि फळी वाकते. सर्वांत जास्त तेल पितात ती फळीची आडवी कापलेली टोकं, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. भेगाही तिथूनच सुरू होतात, म्हणून टोकांना दोनदा, तीनदा लावा. रात्रभर ठेवून सकाळी उरलेलं पुसून घ्यायचं. नव्या बोर्डाला पहिल्या आठवड्यात हे रोज रात्री करावं, पुढे महिन्यातून एकदा पुरतं. माझ्यासारखा रोजचा रगाडा असेल तर पंधरा दिवसांनी.

कधी लावायचं ते बोर्डच सांगतो. पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब गोल उभे राहिले तर ठीक. पसरून आत मुरले, तर त्या रात्री तेल.

या तेलाचा एक खरा दोष आहे. ते कधीच कडक होत नाही, त्यामुळे साबणाच्या प्रत्येक धुण्यात थोडं थोडं निघून जातं. त्यावर मी मधमाशांचं मेण मिसळायला लागले. मेण महाबळेश्वरकडचं आणते. त्या तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आणि त्या भागात मधाचं काम जुनं आहे, त्यामुळे ओळखीनं चांगलं मेण मिळतं. वजनानं चार भाग तेल आणि एक भाग किसलेलं मेण. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून त्यात वितळवायचं, थेट गॅसवर कधीच नाही. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणजे पाण्याची उष्णता भरपूर होते. निवल्यावर त्याचं श्रीखंडासारखं दाट मलम होतं. आधी नुसतं तेल मुरवायचं आणि शेवटी हे मलम वरून चोळायचं. पावसाळ्यात याचा फरक डोळ्यांना दिसतो: पाणी लाकडावर थांबत नाही, ओघळून जातं. माझा फणसाचा बोर्ड सुरुवातीला हळदीसारखा पिवळा होता, आता छान तांबूस तपकिरी झाला आहे.

तयार मलमाची डबी ऑनलाइन मिळते. मी एक मागवून पाहिली होती. डबी देखणी, संत्र्याचा वास, पण आत काय आहे याची यादीच नव्हती. जी वस्तू अन्नाला लागणार, तिच्यात काय घातलंय ते ग्राहकाला कळलंच पाहिजे, म्हणून ती मी पोळपाटाच्या जवळही नेली नाही. त्या किमतीत औषधाच्या दुकानातल्या तीन-चार बाटल्या आल्या असत्या.

तेलाइतकंच धुण्याला महत्त्व आहे. बोर्ड पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. भांड्याचा साबण, घासणी, दोन्ही बाजूंनी पाणी, लगेच पुसणं, आणि मग कडेवर उभा करून ठेवणं, म्हणजे हवा दोन्हीकडून खेळते. ओट्यावर आडवा टाकला की खालची बाजू ओलीच राहते आणि बुरशी तिथेच धरते. मासळीच्या बोर्डाला आधी गार पाणी, कारण गरम पाण्यानं मासळीचं पाणी लाकडावर शिजून बसतं. मग जाडं मीठ पसरून अर्ध्या लिंबानं घासायचं. वास जातो. हळदीचा डाग पडला तर सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात उडतो. दुपारच्या उन्हात मात्र नको, फळी तडकते.

कुयरीच्या चिकासाठी वेगळी रीत आहे. चिरण्याआधी सुरीला, हाताला आणि बोर्डाला खोबरेल लावायचं. चीक चिकटलाच तर पाण्यानं घासत बसू नका, आणखी खोबरेल लावून सोडवा, नंतर साबणानं धुवा. हे खोबरेल नीट धुऊन काढायचं, लाकडात मुरू द्यायचं नाही.

प्लास्टिकचा बोर्ड स्वच्छ आणि लाकडाचा घाण, असं बरेच जण धरून चालतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डीन क्लिव्हर नावाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दोन्हींवर जंतू सोडून पाहिले होते. लाकडावरचे जंतू आत शोषले गेले, तिथे वाढले नाहीत आणि हळूहळू मेले. सुरीच्या चिरा पडलेल्या प्लास्टिकवरचे हातानं धुऊन निघणं अवघड गेलं. मटणवाल्याकडे चिंचेचा ओंडका वर्षानुवर्षं टिकलेला आपण बघतोच. तरीही कच्च्या मटणाला आणि मासळीला वेगळा बोर्ड ठेवा, त्यात तडजोड नको.

बोर्डावर चिरा फार झाल्या की १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, आणि पुन्हा पहिल्यापासून तेल. खोल भेग आरपार गेली असेल तर तो बोर्ड टाका, कारण भेगेत काय अडकलंय ते कुठल्याही तेलानं निघत नाही. पट्ट्या चिकटवून केलेल्या बांबूच्या बोर्डाला हेच तेल चालतं, पण जोड एकदा सुटले की ते बसत नाहीत.

माझ्याकडून या बाटलीला पाचपैकी साडेचार. अर्धा कमी, कारण एकट्या तेलावर चार महिन्यांचा पाऊस निघत नाही, मेण लागतंच. ज्यांच्याकडे पाऊस बेताचा आहे, सोलापूर-नगरकडे, त्यांना नुसतं तेल पुरावं. तिकडे कोरड्या हवेत लाकूड तडकायची भीती जास्त, म्हणून उन्हाळ्यात टोकांना जरा जास्त वेळा लावा.