‘एटिमऑनलाइन’ : उगम चोख, वापर अन्यत्र पाहावा

इंग्रजी शब्दांची कुळकथा सांगणारा ‘एटिमऑनलाइन’ हा कोश डग्लस हार्पर यांनी उभा केला असून तो इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. त्याचा कस पाहण्यासाठी ‘बॉयकॉट’ हे क्रियापद उत्तम, कारण बहुतेक क्रियापदांचा जन्म अंधारात असतो, तर याचे साल, गाव आणि माणूस तिन्ही ठाऊक आहेत.

नोंद मोजक्या ओळींची, पण नेमकी आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात जमीनदाराच्या वतीने जमिनीचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांनी कुळांचा खंड कमी करण्यास नकार दिला आणि 1880 मध्ये लँड लीग या कुळांच्या बाजूने लढणाऱ्या संघटनेने त्यांना वाळीत टाकले, असे ती सांगते. हा शब्द पार जपानीत पोहोचल्याचेही तीत कळते. (वंगभंगाच्या चळवळीत तो हिंदुस्थानातही गाजला; त्याचा मात्र उल्लेख नाही.)

परंतु आडनावाचे क्रियापद नेमके कसे झाले, हा गाभाच निसटला आहे. बॉयकॉट यांच्या घरातील नोकरचाकर निघून गेले, जवळच्या बॅलिनरोब गावच्या दुकानदारांनी माल देणे थांबवले आणि शेवटी शेतातले पीक काढण्यासाठी उत्तरेकडून पन्नासएक माणसे व त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजार सैनिक आणि पोलीस आणावे लागले. ‘ऑस्ट्रसाइज’ (वाळीत टाकणे) हा शब्द शेतकऱ्यांना कळायचा नाही, म्हणून तिथले धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी ‘बॉयकॉट’ हे रूप सुचवले, अशी हकिगत पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी लिहून ठेवली आहे. ती दोन ओळींत सहज बसली असती.

वापराच्या बाबतीत तर हा कोश जवळजवळ मुकाच आहे. मराठीत आपण एखाद्या गोष्टीवर बहिष्कार टाकतो, त्यामुळे आपले विद्यार्थी या क्रियापदापुढे हमखास ‘ऑन’ लावतात. वास्तविक ते थेट कर्म घेते, ‘दे बॉयकॉटेड द मीटिंग’ असे, आणि नाम म्हणून आल्यास त्यापुढे बहुधा ‘ऑफ’ येतो. शिवाय सभेला नुसते न जाणे म्हणजे बॉयकॉट नव्हे, त्यामागे उघड निषेध असावा लागतो. हे दाखवणारे एकही उदाहरणवाक्य येथे मिळत नाही.

शब्दांच्या मुळाशी जाण्याची हौस असणाऱ्यांनी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी हा कोश जरूर हाताशी ठेवावा. सालवार अवतरणे हवी असतील, तर वर्गणी भरून मोठा ऑक्सफर्ड कोश घ्यावा लागेल. वाक्यरचनेपुरते पाहायचे असल्यास केंब्रिजचा विद्यार्थी-कोश पुरेसा आहे आणि तोही विनामूल्य मिळतो.